ठिणग्यांचे शर्ट

अहो,

तुम्हाला माती दिली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "ख्रिस्त हा वर आणि आपण सगळे त्याची वधू. आज एक वधू आपल्या वराकडे गेली." मला रडतारडता हसू फुटलं. एवढ्या झुपकेदार मिशांचा वेल्डर, आणि नवरी?

घरी आल्यावर मात्र डोकं चक्रावलं. तुम्ही त्याची नवरी, मीही त्याचीच. म्हणजे आपण दोघं सवती झालो की काय?

तसा त्याच्यावर माझा राग जुनाच. ठिणग्यांनी भोकं पडलेले शर्ट घालून तुम्ही माझ्यासमोर जेवायला बसायचात, आणि एकुलता एक धड शर्ट दर रविवारी त्याच्यासाठी! इस्त्री मात्र मी करायची. शेवटी तोच घालून गेलात. भोकांचे सगळे माझ्याकडे राहिले.

पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, तो नुसता दृष्टांत आहे." दृष्टांतानं कधी कोणाचा नवरा नेलाय का हो?

मला बोलावणं आलं की नटायचं कोणासाठी, काही कळत नाही. मी आपली तुमचा भोकांचा शर्ट घालून येणार. त्याला चालणार नसेल, तर आधीच समजूत घालून ठेवा.

सध्या तरी तुमचीच