सीटखालचं इंजिन

प्लेनो, टेक्सस
९ मार्च १९८६

ती. गं. भा. शरयूवहिनी यांस,
हेमचंद्रचा सा. न. वि. वि.

दादाला जाऊन दोन महिने होत आले. फोनवर तुम्ही फार बोलत नाही, म्हणून लिहायला बसलो. कांचन आणि मी सगळा विचार केला आहे. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून छान झाड दिसतं, बाथरूम स्वतंत्र आहे. आई जूनमध्ये पुण्याहून कायमची येते आहे, म्हणजे तुम्हां दोघींना एकमेकींची सोबत होईल. ईडन प्रेरीच्या त्या बर्फात एकटीनं राहण्यात काही अर्थ नाही, वहिनी.

पहिलं काम म्हणजे ती जपानी व्हॅन विकून टाकायची. दादानं ती घेतली तेव्हाच मी त्याला वेड्यात काढलं होतं. पुढे नाक नाही, इंजिन बसायच्या सीटखाली, आणि राहायचं मिनेसोटात तर गाडीत बर्फ करायची पेटी! असला डबा त्यालाच शोभत होता. तुम्ही आजवर किराणा आणि पोस्ट यापलीकडे गाडी नेलेली नाही. तेल कुठे घालायचं हेसुद्धा तुम्हांला कोण सांगणार? गिऱ्हाईक मी बघतो. तुम्ही फक्त किल्ली द्यायची, बाकीचं घर वगैरे सावकाश पाहू.

कांचनचा नमस्कार. आमच्यावर लोभ आहेच, त्यात रागाची भर पडू देऊ नये.

आपला,
हेमचंद्र


ईडन प्रेरी
२३ मार्च १९८६

चि. हेमचंद्र भावजी यांस,
शरयूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वरच्या खोलीतलं झाड बघायला कधीतरी नक्की येईन. राहायला येणार नाही. व्हॅनही विकणार नाही. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तुम्हांला निवांत वाचता येईल.

दुसरं, माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नका. हे होते तोवर तुम्ही सौ. लिहायचात. आता ती जागा रिकामी झाली म्हणून तिथे लगेच दुसरं काही भरायला हवं, असं थोडंच आहे? नुसती शरयू मला पुरते.

आता व्हॅनबद्दल. हे दर शनिवारी पुढची सीट उचलून आत डोकं घालायचे आणि मी शेजारी टॉर्च धरून उभी राहायची. त्यामुळे तेल कुठे घालतात ते मला ठाऊक आहे. ज्याच्या त्याच्या हातात टॉर्च द्यायची यांची सवय तुम्हांलाही माहीत आहे. पण टॉर्च धरणाऱ्यालाही दिसत असतं ना! जे दिसलं नव्हतं ते शिकायला हायस्कुलात संध्याकाळचा गाडीदुरुस्तीचा वर्ग लावला आहे. पहिल्या दिवशी शिक्षक ओल्सन यांना वाटलं की मी शेजारच्या केक सजवण्याच्या वर्गाला आले आहे. त्यांनी अदबीनं मला तिथवर सोडायची तयारी केली. मी साडी सावरून, बर्फाचे बूट घालून पहिल्या बाकावर बसले ती उठलेच नाही.

ह्या गाडीवर मी काय काय करते आहे तेही ऐका. माझी उंची पुरत नाही, म्हणून आपला जेवायचा सागवानी पाट कापून ड्रायव्हरच्या गादीखाली बोल्टनं पक्का बसवला. मधलं सीट काढून तिथे फळी ठोकली आणि फळीवर माझं हातमशीन. बर्फाच्या पेटीत रिळं आणि बॉबिनं मावतात. मागे इरकली साडीचा पडदा लावला आहे. ह्या गावांतून आपल्या इतक्या बायका आहेत, पण ब्लाऊज शिवून देणारं कुणी नाही. देशातून शिवून येतो तो बोटीनं येईपर्यंत घट्ट झालेला असतो. त्यांनी माझ्याकडे यावं म्हटलं तर घरातली एकुलती गाडी नवरा ऑफिसला नेतो. म्हणून मीच दारी जाणार, माप घेणार आणि पडद्यामागे घालून बघायला देणार.

किल्ली दिली की पुढचं आपोआप होतं, भावजी. आधी गाडी जाते, मग घर, आणि मग मी तुमच्या झाडासमोर. तुम्ही प्रेमानं बोलावता हे मला कळतं. तरी नाही.

चि. सौ. कांचनला आशीर्वाद. माया आहे ती असू द्यावी, काळजीचं वजन थोडं कमी करावं.

तुमची,
शरयूवहिनी


प्लेनो
२० जुलै १९८६

ती. गं. भा. शरयूवहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. वरच्या खोलीत तिचं सामान लावलं आहे. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं तर ती काहीच बोलली नाही, नुसती खिडकीतून बाहेर बघत बसली. तिला किती लागलं असेल याचा विचार करा.

मला इथे फोन येतात, वहिनी. मिनियापोलिसला मराठी मंडळाच्या सहलीला तुम्ही म्हणे व्हॅनमधून गेलात आणि झाडाखाली पडदा लावून दुकान मांडलंत. दादाला तिथे किती मान होता! त्याच्या बायकोनं हातातोंडाला ग्रीस लावून फिरावं, हे मला बघवणार नाही. गं. भा. बद्दल म्हणाल तर ती आपल्याकडची रीत आहे, मी काही ती काढलेली नाही.

मी एक गिऱ्हाईक पाहिलं आहे. संजीव नावाचे गृहस्थ, सेंट पॉलला असतात, त्यांना मुलांसाठी मोठी गाडी हवी आहे. दसऱ्याच्या सुमाराला गाडी बघायला येतील. त्यांना एक चक्कर मारू द्या, एवढंच माझं ऐका.

आईचे आशीर्वाद. धाकट्याचा शब्द राखावा, ही विनंती.

आपला,
हेमचंद्र


ईडन प्रेरी
१५ ऑक्टोबर १९८६

चि. हेमचंद्र भावजी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचे संजीव येऊन गेले. माणूस सज्जन आहे. पण तुम्ही पंचांग न बघता पाठवलंत त्यांना, ते नेमके खंडेनवमीला आले.

आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं पुजतात आणि त्यांना विश्रांती देतात, हे तुम्हांला सांगायला नको. मी सकाळीच पाने, पक्कड, कात्री आणि हातमशीन पुसून हळदकुंकू वाहिलं होतं. गाडीची पुढची सीट उचलून इंजिनावर शेवंतीचं फूल ठेवलं होतं. संजीवना एक चक्कर हवी होती. मी म्हटलं, आज ती चालू होणार नाही, आज तिचा दिवस आहे. वाटलं होतं की ते चिडतील. पण त्यांच्या वडिलांचा नागपुरात छापखाना होता. खंडेनवमीला तिथे खिळ्याला खिळा लागत नसे म्हणे.  मग जोडे काढून त्यांनी त्या फुलाला नमस्कार केला आणि चहा घेतला.

बरोबर त्यांची बायको शोभा होती. तिचं लक्ष गाडीपेक्षा मशीनवर. तिच्या लग्नातल्या ब्लाऊजच्या बाह्या उसवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर मी सेंट पॉलला जाऊन ते काम करून आले. आता तिच्या ओळखीच्या सगळ्या बायका मला बोलावतात. गिऱ्हाईक चांगलं शोधलंत, भावजी, फक्त गाडीऐवजी ब्लाऊजचं निघालं.

ग्रीस हाताला लागतं हे खरं, तोंडाला नाही लागत. आणि यांचा मान माझ्या हातांच्या रंगावर अवलंबून असेल तर तो मुळातच कच्चा होता. तो तसा नव्हता. आणि तुम्ही पुन्हा ती अक्षरं लिहिलीत. रीत तुम्ही काढली नाहीत, पण पेन तुमच्याच हातात आहे ना?

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. रागावलात तरी पत्र पाठवत राहावं.

तुमची,
शरयूवहिनी


प्लेनो
२१ डिसेंबर १९८६

ती. गं. भा. शरयूवहिनी यांस,
सा. न. वि. वि.

शोभाताईंचा कांचनला फोन आला होता. तुमची व्हॅन भर हायवेवर बंद पडली, आणि तुम्ही त्या मरणाच्या थंडीत एकट्या रस्त्याच्या कडेला होतात, हे मला तिसऱ्याकडून कळावं? तिथे माणूस गोठून मरतो, वहिनी. दादाच्या वेळचा फोन अजून माझ्या कानात आहे. तसा दुसरा मला घ्यायचा नाही. हे मी चिडून लिहीत नाही, घाबरून लिहितो आहे.

आता वाद पुरे. एप्रिलमध्ये मी विमानानं येतो आहे. किल्ली माझ्या हातात द्यावी लागेल.

आपला,
हेमचंद्र


ईडन प्रेरी
४ जानेवारी १९८७

चि. हेमचंद्र भावजी यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही घाबरलात हे वाचून फार वाईट वाटलं. म्हणून काही न लपवता लिहिते.

दोष व्हॅनचा नव्हता, इडलीचा होता. इथल्या थंडीत पीठ फुगत नाही, तुम्हांला ठाऊकच आहे. शोभाकडे माप घ्यायला जायचं होतं, तिला गरम इडल्या करून घालाव्या असं मनात आलं. मला वाटलं, सीटखाली इंजिन एवढं तापतं, ती ऊब फुकट का घालवा? पिठाचा डबा जुन्या स्वेटरात गुंडाळून इंजिनाशेजारी बसवला. पीठ फुगलं, अगदी आईच्या घरी फुगायचं तसं. झाकण उडालं आणि सगळं पीठ प्लगच्या वायरींवर. गाडी दोन आचके देऊन थांबली. एवढं शिकून असला मूर्खपणा केला म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? काचा आतून पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. ओल्सननी हिवाळ्यात गाडीत मेणबत्ती आणि काड्यापेटी ठेवायला बजावलं होतं. मी निरांजन आणि तुपाच्या फुलवाती ठेवल्या आहेत. निरांजन लावून त्यावर बोटं शेकली, सीट उचलली, वायरी एकेक काढून अस्तराच्या चिंध्यांनी कोरड्या केल्या आणि आपापल्या जागी बसवल्या. क्रम चुकला तर गाडी उचलत नाही, म्हणून यांचा आवाज आठवून आठवून बसवल्या. टॉर्च दातांत धरली होती. किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली. त्या क्षणी मला रडू आलं. यांच्या मागे पहिल्यांदा मी मोकळेपणी रडले ती त्या गाडीत. मग शोभाकडे गेले आणि माप घेतलं. गाडीला अजून आंबूस वास येतो, तेवढं सोसावं लागेल.

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच विका. मी म्हणते, म्हणूनच नाही. जी बंद पडलेली मला चालू करता आली ती गाडी मी कुणाला देऊ? ओल्सननी वर्गात नकाशा लावला आहे. इथला पस्तीस नंबरचा हायवे निघतो तो थेट तुमच्या डॅलसला येतो. म्हणजे यायचं झालं तर मीही येऊ शकते, फक्त सामान घेऊन नाही.

एप्रिलमध्ये जरूर या. किल्ली मिळणार नाही. इडली मिळेल.

सर्वांना यथायोग्य. आपलेपणा आहे म्हणून भांडते, हे जाणून असावं.

तुमची,
शरयूवहिनी


प्लेनो
१ मार्च १९८७

चि. शरयू हिस,
सासूबाईंचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर आता वाकडं येतं, सांभाळून घे. हेमचंद्र तुझी पत्रं मला वाचून दाखवतो. हे चुकलं, ते चुकलं असं मध्ये मध्ये म्हणतो. इडलीच्या जागी मात्र त्याला हसू आवरेना, आणि निरांजनाच्या जागी तो उठून बाहेर गेला. त्याला आपल्या दादाची, राजारामाची, फार आठवण येते, पण ती काळजीच्या रूपानंच बाहेर पडते.

वरची खोली चांगली आहे. झाडही चांगलं आहे. जूनपासून मी तेच बघते आहे. ही दोघं मला जपतात, तक्रारीला जागा नाही. पण सकाळी दोघं दोन गाड्या घेऊन जातात आणि रस्त्याला कडेनं चालायची सोय नाही. एकदा कोपऱ्यापर्यंत गेले तर एका बाईनं मोटार थांबवून, मी हरवले आहे का असं खुणेनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

तुझं पहिलं पत्र ऐकून मी गप्प बसले ते मला लागलं म्हणून नव्हे. हेमचंद्रनं तसं कळवलं असेल तर ते खोडून टाक. तुझ्या सासऱ्यांच्या मागे कित्येक वर्षं मी ती गं. भा. अक्षरं वागवते आहे. मान आहे असं सगळे म्हणायचे. पण ज्याला मान देतात त्याला पुढे बसवतात, मला तर त्या अक्षरांनी प्रत्येक कार्यात मागेच बसवलं. नको म्हणता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. तू म्हणालीस आणि आभाळ काही कोसळलं नाही.

तेव्हा एप्रिलमध्ये हेमचंद्रनं तिकडे यायचं नाही. तू व्हॅन घेऊन ये आणि मला घेऊन जा. मी पाहुणी म्हणून येत नाही. काजं, हूक आणि हातशिलाई माझ्याकडे. डोळे अजून सुईत दोरा ओवतात. मला पुढच्या सीटवर बसव. खाली इंजिन असतं म्हणतात, माझ्या गुडघ्यांना ती ऊब बरी वाटेल. पिठाचा डबा मी मांडीवर धरीन.

पिशवी भरून ठेवली आहे. आशीर्वाद आहेतच, ते न्यायला तू ये.

तुझी सासू,
मीनाक्षी


(त्याच कागदावर, खाली)

ती. शरयूवहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आईनं पाकीट चिकटवायच्या आधी वरचं पत्र माझ्या हातात दिलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं, ती माझ्याशी बोलतच राहिली. शेवटी विमानाचं तिकीट मी रद्द केलं.

पस्तीस नंबर सोडू नका. ओक्लाहोमात वारा फार असतो, उंच गाडी हलते, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. थकलात तर थांबा आणि मला फोन करा. आल्यावर सीट उचलून दाखवा, टॉर्च मी धरीन. आणि ती किल्ली कुणालाही देऊ नका, वहिनी. मी मागितली तरी.

आपला,
हेमचंद्र