आउटर सिग्नलची नऊ मिनिटं

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं.

गार्डाच्या ड्यूटीवर गाडी कुठे किती थांबली ते तुम्ही कच्च्या कागदावर टिपायचात आणि घरी आलात की माझ्याकडून जर्नलमध्ये उतरवून घ्यायचात. "तुझं अक्षर साहेबांना वाचता येतं, माझं मलाच येत नाही," म्हणायचात. नियमात ते बसत नव्हतं, पण आपल्या रेल्वे कॉलनीत बरेच जण मुलांकडून लिहून घेत. त्या दिवशी मैत्रिणी मांडवीच्या बाजारात जायला दारात उभ्या होत्या. बडोद्याच्या अलीकडे आउटर सिग्नलला गाडी नऊ मिनिटं थांबली होती, ती ओळ माझ्याकडून राहिली. तुम्ही न वाचता सही केलीत.

गाडी बडोद्याहून पुढे गेल्यावर पहिल्या वर्गात एका व्यापाऱ्याचं प्रेत सापडलं. डब्याचा अटेंडंट पकडला गेला. गाडी मध्ये थांबलीच नाही, मग दुसरा कोण उतरून जाणार, एवढ्यावर सगळा खटला उभा. खटला चालेपर्यंत ड्रायव्हरला काही आठवत नव्हतं. तुम्ही मात्र कोर्टात म्हणालात, "थांबली होती." सरकारी वकिलांनी जर्नल पुढे केलं.

"हे तुमचंच ना?"

"सही माझी आहे."

"आणि कच्चा कागद?"

"घरी शोधला. सापडला नाही."

अक्षर कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. अटेंडंटला जन्मठेप झाली. तो तुरुंगातच वारला. कॉलनीत काही वर्षं तुम्हाला खोटा साक्षीदार म्हणत होते. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि जेवणाचा डबा उचलून ड्यूटीवर जायचात.

गेल्या महिन्यात निजामपुऱ्यात त्या अटेंडंटची मुलगी भेटली. माझ्याएवढीच आहे. बापाच्या नावावरचा डाग पुसायला अजून वकिलांकडे खेपा घालते. "तुमचे पप्पा एकटेच साचं बोलले, बेन. घरात एखादा जुना कागद नाही ना राहिला?"

मी म्हटलं, "नाही हो, काहीच नाही."

तुम्ही साक्षीच्या आधी ट्रंक उपसत होतात, तेव्हा तुम्हालाही मी हेच सांगितलं होतं. ओळ घाईत राहिली, बाबा. कागद मात्र मी मुद्दाम भूगोलाच्या पुस्तकात लपवला. तुम्ही रागवाल म्हणून. आता तो समोर आहे, नऊ मिनिटं स्पष्ट वाचता येतात.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. तिने स्वतःचा लिहून दिलाय. तिलाही मी अजून काही पाठवलेलं नाही.