घंगाळावरचं नाव

४ मार्च १९८६
सासूच्या, आत्याबाईंच्या, माघारी आज भांड्यांची वाटणी. थोरल्या जाऊबाईंनी, उषाबाईंनी, पितळी घंगाळावर हात ठेवला — "आत्याबाई मलाच देते म्हणल्त्या." कवा म्हणल्त्या? शेवटी शेवटी आत्याबाईंची वाचाच गेल्ती! मीबी दुसरी कडी धरली. हे दोघींच्या मधी उभे. घंगाळाचा विषय निघाला की ह्यांना खोकला येतो.

८ मार्च
आपल्याकडं भांड्यावर नाव ज्याचं, भांडं त्याचं. मंग पंचबी काही विचारत न्हाईत. घंगाळ लुगड्यात गुंडाळलं अन् बसनं भोकरदन गाठलं. भांड्यांवर नावं घालणाऱ्या सलीमभाईनं ते फिरवून फिरवून पाह्यलं. पोटावर सगळीकडून उर्दूसारखी अक्षरं, त्यात चांदीची तार बसवलेली, बरीच निघून गेलेली. मधी एक जागा मात्र कोरी, गुळगुळीत. "इथं बराबर बसतंय, बाई." घातलं — सौ. सगुणाबाई सर्जेराव, धावडा.

घरी आल्यावर नाव जाऊबाईंच्या दाराकडं करून ठेवलं. त्या जेवल्या न्हाईत. मी पोटभर जेवले.

२३ मार्च
जाऊबाईंनी भावाच्या ओळखीनं औरंगाबादहून अरबी वाचणारे सर आणले! जुनं नाव निघालं की माझं खोटं ठरंल, असा डाव. सर ओसरीत पालथे पडून वाचू लागले. पाच-सहाशे वर्षांचं काम म्हणे, कुण्या सुलतानासाठी घडवलेलं. "विजय असो आमच्या धन्याचा — ज्ञानी, न्यायी, दुबळ्यांचा वाली, शत्रूंचा काळ, सुलतान…" अन् नावाच्या जागी आले तर — सौ. सगुणाबाई सर्जेराव, धावडा.

सरांनी कपाळावर हात मारला. सुलतानाचं नाव पुढच्या कुण्या राजानं खरवडून काढल्तं म्हणे. मंग मीच काय वेगळं केलं?

"घासता कशानं?"

"चिंच अन् राख."

सरांनी चहा अर्धाच ठेवला. चांदी आम्हीच घासून काढली म्हणे. वाईट वाटलं. पण घंगाळ किती लखलखीत हाय, हे कोणीच बोललं न्हाई.

६ एप्रिल
पेपरात घंगाळाचा फोटो! माझं नाव साफ दिसतंय. जाऊबाईंनी तो पेपर चुलीत घातला.

१९ एप्रिल
हैदराबादहून एक म्हातारी आली — सरदारबी. भोकरदनच्या नातलगानं तिला फोटो धाडल्ता. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वक्ताला ह्याच गल्लीतून निघून गेलेली. ह्यांच्याकडं बघून म्हणली, "सर्जा, इत्ता-सा था तू. ये तेरी माँ के पास रखके गये थे हम."

हे खोकले. मंग म्हणले, "माय सांगायची, परक्याची ठेव हाय, जपून ठेवा."

"मंग बोलला का न्हाई!"

"तुम्ही दोघी भांडून राह्यल्त्या. मधी कोण पडंल?"

परक्याच्या ठेवीवर मी नाव घातलं! जाऊबाईंकडं पाह्यलं, तर त्या दारातूनच म्हणल्या, "मला काय विचारता? घंगाळ धाकटीचं हाय. नाव हाय की."

२० एप्रिल
सरदारबी घंगाळ न्यायला आलीच नव्हती. तिची माय तिला त्यातल्या पाण्यानं न्हाऊ घालायची. एकदा त्यात पाणी काढून द्या, म्हणली. मी पाणी तापवलं. जाऊबाईंनी तिची पाठ चोळली.