मालक: मामा

तीर्थरूप मामांस,

खाली वाकून नमस्कार. (पेनाचं टोपण टेबलाखाली गेलंय, ते शोधायला वाकलोच होतो, तेव्हा नमस्कार खरा धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं ब्लड प्रेशर कसं आहे, की तुम्ही रिटायर होऊन दिवसभर घरात असता म्हटल्यावर ते विचारण्यात अर्थ नाही? मी इथे ठणठणीत आहे. आईला फोनवर हेच सांगितलं तर ती म्हणाली, तू ठणठणीत असलास की मलाच धडधडायला लागतं. पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि माझ्या गोष्टीत मुद्दा जरा लांब राहायला गेलाय.

तर सोमवारी माझ्या उमेदवारीचे सहा महिने संपतायत. त्या दिवशी साहेब ठरवणार, मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं. घरी म्हणजे तुमच्याच घरी, वरच्या खोलीत. मी गेल्यावर तिथे तुम्ही तुमची सगळी जुनी हत्यारं मांडून ठेवलीत असं मामी सांगत होती. म्हणजे हा प्रश्न जितका माझा तितकाच तुमच्या हत्यारांचाही आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा ठरवून देते. ते काम करणारे कॉम्प्युटर ऑफिसात नाहीत, ते क्लाउडमध्ये आहेत. क्लाउड म्हणजे आकाशात नव्हे. दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या इमारतीतले कॉम्प्युटर आपण भाड्याने घ्यायचे, ते कधी डोळ्यांनी बघायचे नाहीत, आणि लोकांना सांगताना वर बोट दाखवायचं, एवढंच. भाड्याने घेणं इतकं सोपं आहे की कुणीही चहा पिता पिता एखादा घेऊन ठेवतो आणि विसरतो. त्यामुळे कुठला कॉम्प्युटर कुणाचा, कशासाठी, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मध्यंतरी गुरुजींनी (हे आमच्यातले सगळ्यात जुने इंजिनिअर, विचारलेली गोष्ट असे समजावतात की विचारणारा जन्मात पुन्हा विचारत नाही) एक बिनकामाचा वाटला म्हणून बंद केला. दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्यांत सगळ्या पेशंटना एकच वेळ. एका डॉक्टरच्या दारात म्हणे गाल धरून उभ्या असलेल्या लोकांची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती.

साहेब चिडले. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक कॉम्प्युटरला टॅग लावायचा: मालक कोण, काम काय. आणि इथून पुढे मालकाच्या परवानगीशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. हे काम कुणाला द्यायचं, यावर गुरुजी म्हणाले, ज्याला दुसरं काही येत नाही त्याला द्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मामा, खरं सांगतो, टॅग हा शब्द ऐकला आणि मला घर आठवलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तुम्ही आयुष्यभर हत्यारांना पत्र्याच्या चकत्या बांधल्यात, आणि ती सवय घरी आणलीत. तुमच्या छत्रीवर चिठ्ठी, टॉर्चवर चिठ्ठी, मामीच्या चष्म्याच्या डबीवर चिठ्ठी. माझ्या शाळेच्या दप्तरावर तुम्ही "मालक" लिहून पुढे माझं नाव घातलं होतंत आणि "काम" लिहून पुढची जागा मोकळी सोडली होतीत. (ती अजून भरायची आहे, असं आईचं मत.) थोडक्यात, ऑफिसातल्या डिग्रीवाल्यांना जे पुस्तकात बघून कळलं, त्यात मी लहानाचा मोठा झालो.

फक्त चिठ्ठी डिंकाने नाही लावायची, काळ्या खिडकीतून लावायची. काळी खिडकी म्हणजे कॉम्प्युटरवर उघडणारा एक काळा चौकोन. त्यात चित्र नाही, बटण नाही, सगळं टाइप करून सांगायचं. "क्रिएट टॅग्ज" असं लिहायचं, मग त्या कॉम्प्युटरचा नंबर लिहायचा (हा नंबर असा असतो की जणू मांजर कीबोर्डवरून पळत गेलं), मग मालक अमुक, काम तमुक, आणि एंटर. आणि गंमत अशी की काम बिघडलं तर ती खिडकी लालभडक होऊन पानभर बोलते, पण नीट झालं तर एक अक्षर नाही. नुसती पुढच्या ओळीवर जाऊन डोळे मिचकावत बसते. पहिल्यांदा मला वाटलं झालंच नाही, म्हणून मी तेच पुन्हा पुन्हा लिहीत राहिलो. गुरुजी मागून म्हणाले, "गप्प बसली म्हणजे झालं." मी म्हटलं, "आमच्या मामीचं उलटं आहे. ती गप्प बसली की समजायचं आता काही खरं नाही." (हे मामीला वाचून दाखवू नका.)

आता मालक शोधायचे. मी प्रत्येक टेबलापाशी गेलो. "हा तुमचा का?" तर म्हणे, "भाड्याने घेतला मी, पण माझा नाही." मग कुणाचा? "ज्याने घ्यायला सांगितला त्याचा." त्यांना विचारू का? "तो नोकरी सोडून गेला." दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, माझा होता, पण आता मी त्या कामात नाही, तरी बंद करू नकोस हं. तिसरा तर नंबर ऐकायच्या आधीच नाही म्हणाला. मामा, लग्नाच्या हॉलमध्ये रडणारं पोर जसं कुणाचंच नसतं, तसं झालं. आणि हिशेबाच्या बाई (सगळ्यांचे तक्ते ह्याच बनवतात आणि साहेबही त्यांना वचकून असतात) म्हणाल्या, मालकाचा रकाना रिकामा चालणार नाही. काहीही भर, पण भर.

त्या बेवारशांत एक सगळ्यात मोठा होता. आत भरपूर जागा, भरपूर ताकद, आणि दिवसभर नुसता बसून. मला एकदम तुमचं स्टोअर आठवलं, जिथे माल छतापर्यंत होता पण कुणी मागायला आलं तर मिळत नव्हता. मी प्रेमाने लिहिलं, मालक: मामा. एंटर. खिडकी गप्प. मग म्हटलं, बाकीच्यांनी तरी काय पाप केलंय. ज्यांचा ज्यांचा रकाना रिकामा, त्या सगळ्यांचे नंबर एका ओळीत गोळा केले आणि पुढे एकदाच मामा लिहून टाकलं. ती खिडकी "नक्की ना?" असं विचारत नाही, हा तिच्यातला मोठा दोष. तुम्ही निदान दाराशी उभं करून दोनदा विचारता.

मला वाटलं, बाई तक्ता बघतील, हसतील, माझे कान उपटतील, संपलं. पण बाईंनी तक्ता सगळ्यांना पाठवला आणि कुणीच हसलं नाही. ओरडलंही नाही. उलट सगळे तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचायला लागले. कंपनीत सगळ्यात जास्त कॉम्प्युटर कुणाचे, तर मामांचे. मामा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हे दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत एक जण म्हणाला, मी त्यांना लिफ्टमध्ये बघितलंय, उंच आहेत. दुसरा म्हणाला, हो, आणि फार कमी बोलतात. (मामा, मी भाताकडे बघत बसलो.) बाई म्हणाल्या, कोण का असेनात, पण माणूस जबाबदार आहे, सगळं स्वतःच्या अंगावर घेतो. हे ऐकून संध्याकाळपासून लोक एकेक करून माझ्या टेबलाशी यायला लागले. "तो माझ्या नावावरचा जुना आहे ना, तो पण मामांकडे देशील का?" मी म्हणायचो, त्यांना विचारावं लागेल. मग खिडकीत मामा लिहायचो. जुन्या मालकाचं नाव पुसलं जाऊन तुमचं बसायचं. त्याचा आवाजही होत नाही.

खरा चमत्कार गुरुजींमुळे झाला. त्यांना त्यातला एक बंद करायचा होता, आणि आता नियमाप्रमाणे मालकाची परवानगी हवी. माझ्याकडे आले, म्हणाले, "मामांना विचारून ये." मी बाहेर पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो, परत आलो आणि तुमचं नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, "ते म्हणाले, बघू." गुरुजी वैतागले. "कधी बघणार?" म्हटलं, ते नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तोच कॉम्प्युटर सगळ्या पेशंटना "उद्या तुमची वेळ आहे" असे मेसेज पाठवतो. बंद केला असता तर पुन्हा जिन्यावर रांग. गुरुजी रुमालाने टक्कल पुसत बसले आणि म्हणाले, "माणूस खोल आहे." तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली की मामा काय म्हणतात ते बघा, असं चालू आहे. मी फिल्टरपाशी जातो, पाणी पितो, येतो. हल्ली मला दिवसातून सारखं बाथरूमला जावं लागतं.

मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी सुरू केली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने भाड्याने घेतलेला पहिला कॉम्प्युटरही मामांच्या नावावर निघाला होता. (त्याचाही रकाना रिकामा होता, मी काय करणार.) मला वाटलं आता संपलं. पण साहेब दार लावून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मामांचं आणि तुझं बरं जमतं म्हणे." म्हटलं, लहानपणापासून ओळखतात मला. यात एक शब्द खोटा नाही. साहेब विचारात पडले, म्हणाले, "मग तुला ठेवायचं की नाही ते मी कशाला ठरवू? मामाच सांगतील. सोमवारी त्यांना घेऊन ये."

त्या क्षणी खरं सांगावं असं वाटलं होतं. पण साहेबांचा चेहरा इतका निवांत झाला होता की माझ्याच्याने बोलवेना. जागेवर येऊन म्हटलं, गुपचूप सगळे टॅग काढून टाकू. तर बाईंनी नवा नियम आणलेला: मालकाचं नाव बदलायचं असेल तर आत्ताच्या मालकाची सही पाहिजे. म्हणजे मामांना काढायला मामांचीच सही. काळ्या खिडकीने पहिल्यांदाच मला नीट शब्दांत नाही म्हटलं.

असो. तुम्हाला सगळं कळावं म्हणून आपलं सहज लिहिलं. तुमच्याकडून काही नको. गुडघ्याला शेक देत जा, हत्यारांना तेल देत जा, मामीला नमस्कार.

सोमवारपर्यंत तरी नोकरीत असलेला,
तुमचा भाचा

ता. क. काही नको असं वर लिहिलंय ते सभ्यपणा म्हणून. तुम्ही यायला पाहिजे. कॉलरचा शर्ट घाला. केबिनमध्ये बसायचं, काही विचारलं तर आधी चहा संपवायचा. माझ्याबद्दल विचारलं तर खरं सांगू नका, आणि तुम्हाला खोटं जमत नाही, तेव्हा नुसता घसा खाकरा. ते लोक पुढचं स्वतः समजतील. आणि बाईंनी कुठलाही कागद पुढे केला तरी सही करू नका. तुम्ही सही केलीत तर सगळं मूळ मालकांकडे परत जाईल आणि ते लोक मला जिवंत सोडणार नाहीत.

ता. क. दुसरं. तुम्ही फारच चांगलं वागू नका. साहेब परवा बाईंना विचारत होते की मामांना कायमचंच ऑफिसात बसवलं तर कसं, आणि जागा एकच आहे. त्यांनी तसं काही काढलंच तर गुडघा पुढे करा.

ता. क. तिसरं. सोमवारी साहेबांना परगावी जायचं निघालं, म्हणून भेट आजच ठेवलीय. हे पत्र देणारा माणूस पोस्टमन नाही, ऑफिसचा ड्रायव्हर आहे, आणि गाडी दारात उभी आहे. त्याला पाणी द्या, तेवढ्यात शर्ट बदला. आणि एक करा, मागच्या सीटवर बसा. पुढे बसून त्याला गियर कधी टाकायचा ते सांगायला लागलात, तर गल्लीच्या तोंडाशीच त्याला कळेल की हा कंपनीचा मालक नाही, कुणाचा तरी सख्खा मामा आहे.