कॉम्प्युटर नोव्हेंबरात गेला

२९ जाने. २००७, सोमवार

सकाळी दोन लग्नपत्रिका. एकीत नवरदेवाच्या मामाचं नाव चुकलं, तो मामा स्वतःच सांगायला आला. दुपारी लोडशेडिंग.

ठकूबाई आल्या, घोडेगावच्या पलीकडून दोन एसट्या बदलून. त्यांचे यजमान तात्या गेल्यावर पहिल्यांदाच. जिना चढून वर येईपर्यंत दम लागला. पाणी दिलं तर म्हणाल्या, "पाणी ऱ्हाऊ दे. त्यांनी सांगितलेलं दाव."

नकाशा उघडला. धरणात गेलेलं आपलं गाव, जसं होतं तसं. पेठ पूर्ण आहे. सासऱ्यांनी, पप्पाजींनी, डिसेंबरात सांगितली, दुकान न् दुकान. वरची आळी तात्यांनी संक्रांतीच्या आधी पूर्ण केली, मग आठवड्यात गेलेच. राहिलाय नदीकाठ. मे महिन्यात पाणी उतरलं की काठावर सगळे गाववाले जमणार, तेव्हा याचा मोठा फ्लेक्स लावायचाय.

ठकूबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, त्यांच्या घरावर. "दार हिकडं नाय, हिकडं तोंड करून व्हतं," असं काहीतरी म्हणतील वाटलं होतं. पण बोट तसंच. मग पदरानं काच पुसली.

अँटीव्हायरसची मुदत संपलीय, सारखी लाल पाटी येते. कॉम्प्युटरवाल्या किरणला फोन केला. बुधवारी येतो म्हणाला.

३१ जाने., बुधवार

किरण नारायणगावहून आला. दुकान चांगलं चाललंय त्याचं, आता माणूस ठेवलाय, पण आपल्याकडे स्वतः येतो. जुना अँटीव्हायरस काढला, या वर्षाचा नवा घातला. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात, त्यातून काय काय येतं. गेल्या महिन्यात सगळ्या फोल्डरांची नावं बदलली होती.

मी विचारलं, "आपलं ते मागं नेणारं सॉफ्टवेअर? त्याला काही होणार नाही ना?" दिवाळीनंतर, नोव्हेंबरात त्यानंच बसवलं होतं. मशीन बिघडलं तर कालच्या किंवा परवाच्या अवस्थेत परत नेता येतं. त्याच्याच भरवशावर आहे मी. सीडी रायटर बिघडलाय, तो दुरुस्त करून सीडीवर प्रत काढायचं राहूनच गेलं.

"त्याला काय व्हतंय वहिनी. दोघं आपापल्या जागी."

नवा अँटीव्हायरस बराच वेळ तपासत बसला. शेवटी म्हणाला, एक संशयास्पद गोष्ट सापडली, साफ केली. किरण खूश. चहा घेऊन गेला. जैन घर, पप्पाजींचं जेवण उन्हं उतरायच्या आत व्हावं लागतं, म्हणून मीही मशीन बंद करून खाली गेले.

१ फेब्रु., गुरुवार

सकाळी चालू केलं. सुरुवातीला जी निळी पट्टी येते (मागं नेणाऱ्याची) ती आलीच नाही. थेट विंडोज. आधी बरं वाटलं, लवकर झालं म्हणून.

डेस्कटॉपवर दिवाळीच्या शुभेच्छांची फाईल. मी ती कधीच काढून टाकलेली.

नकाशाचं फोल्डर उघडलं. नदीची एक रेघ आणि देऊळ. बस्स.

पेठ नाही, आळी नाही, सोमवारची मामावाली पत्रिकाही नाही. सगळीकडं नोव्हेंबर. शोध लावला, काही नाही. खाली दुकानात हे कापड फाडत होते, तो आवाज ऐकू येत होता, आणि मला जिना उतरून जाऊन सांगता येईना.

किरणला फोन. त्याचा आवाजच बदलला. "वहिनी, बंद करा. आत्ताच्या आत्ता. नीट बंद करायचं बी नाय, वायर उपटा."

उपटली.

तोच दिवस, दुपारनंतर

किरण आला, चेहरा उतरलेला. त्यानं सांगितलं ते असं: मागं नेणारं सॉफ्टवेअर मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होतं. नव्या अँटीव्हायरसला तेच व्हायरस वाटलं, म्हणून त्यानं ते पुसलं. आता विंडोजला फक्त ते सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवसाची डिस्क दिसते. त्यानंतरचं सगळं डिस्कवर आहे, पण कुठं आहे ते सांगणारा उरला नाही. आणि विंडोजला ती जागा मोकळी वाटते. मशीन जितकं चालवू तितकं आपल्या कामावर दुसरं लिहिलं जाणार.

हे वर आले होते. म्हणाले, "म्हणजे पत्रिकांच्या सीझनात मशीन बंद?"

यांनी परत विचारलं, "आणि पप्पांचा नकाशा?"

मी नाही अशी मान हलवली. हे खाली गेले.

३ फेब्रु., शनिवार

गिऱ्हाइकं परत चाललीत. एक जण तर बसूनच राहिला, लग्न पंधरवड्यावर आलंय. त्याला बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात पाठवलं. यांना ते आवडलं नाही. "थोडा वेळ चालवलं तर काय बिघडतं? एक पत्रिका." मी की-बोर्डची वायर काढून कपाटात ठेवली.

किरणनं त्या मागं नेणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. डिस्क त्याच्या मशीनला जोडून बघितली. नवी आवृत्ती जुनीच्या खुणा ओळखत नाही. म्हणते, ही डिस्क रिकामी आहे, बसवू का? आणि खाली हो, नाही.

किरण म्हणाला, "इथं चुकून बी बोट पडलं असतं तर संपलं व्हतं."

जुन्याच आवृत्तीची सीडी पाहिजे. ती त्याच्याकडे होती, आता नाही. कंपनीनं विकणं बंद केलंय.

६ फेब्रु., मंगळवार

ठरवलं, सगळं परत काढायचं. वही-पेन्सिल घेऊन पप्पाजींजवळ बसले. डिसेंबरात ते डोळे मिटून सांगायचे: पाराच्या उजव्या हाताला सोनार, मग आपलं दुकान, मग तेलाचा घाणा, मध्ये बोळ. मी विचारायच्या आधी पुढचं.

आज: "पाराच्या उजव्या हाताला उंटांची जागा."

"पप्पाजी, आपल्या गावात उंट?"

"वडिलांनी बांधले होते ना." मग थांबले. कपाळावर बोटं फिरवली. "ते मारवाडात. हो. ते मारवाडात." परत सुरू केलं. तर सोनाराच्या शेजारी इथलं, जुन्नरचं भांड्यांचं दुकान आलं. त्याच्या शेजारी मारवाडातली विहीर. तीन गावं एकाच गल्लीत.

माझ्या लक्षात येत होतं की ते अलीकडे विसरतात. चष्मा, गोळ्या. हे इतकं पुढं गेलंय ते कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू होईल.

मी लिहून घेत राहिले. थांबले असते तर त्यांना कळलं असतं.

१० फेब्रु., शनिवार

किरणचा फोन. त्यानं नोव्हेंबरातच ते सॉफ्टवेअर घोडेगावच्या एका शाळेत बसवलं होतं. सीडी तिथंच राहिली असेल. शाळेचे सर पुण्याला ट्रेनिंगला गेलेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. गुरुवारी येणार.

पाच दिवस. मशीनवर चादर टाकलीय. पप्पाजी विचारतात, कोण झोपलंय तिथं?

१५ फेब्रु., गुरुवार

किरणच्या मोटरसायकलवर मी आणि तो. हे म्हणाले, जा. एवढंच, पण हेल्मेट आणून दिलं.

उद्या महाशिवरात्र. मंचरपासून पुढं भीमाशंकरच्या गाड्याच गाड्या. घोडेगावच्या अलीकडं सगळं ठप्प. शाळा लवकर सुटणार, उद्या सुट्टी, परवापासून सर परत ट्रेनिंगला. किरणनं गाडी शेताच्या बांधावरून घातली. एका मळ्यात कुत्रं मागं लागलं. मी डोळे मिटून नवकार म्हणत होते.

पोचलो तेव्हा सर कुलूप लावत होते. "ती सीडी? ती तर पोरांनी..." म्हणत परत उघडलं. कपाटात खडू, मेडल, ग्लोब. सीडी मिळाली, गॅदरिंगच्या सीडीच्या कव्हरात. ओरखडे पडलेले.

किरण तिथंच बाकावर बसला.

१७ फेब्रु., शनिवार

किरणनं जुनं सॉफ्टवेअर सीडीवरून चालवलं. निळी पट्टी आली! खाली तारखांची यादी. ३१ जाने. सुद्धा. मी यांना हाक मारली, हे गिऱ्हाईक सोडून वर आले.

किरणनं ३१ जाने. निवडलं. थोडं पुढं सरकलं. मग डिस्कमधून टक्, टक्. नख आपटल्यासारखं. स्क्रीन थिजली.

परत लावलं. या वेळी यादीसुद्धा आली नाही. टक्, टक्.

"डिस्क जातीय वहिनी," किरण म्हणाला. "बंद करतो. आता मी हात लावत न्हाई. पुण्याला डिस्क उघडणारे हायेत, तिथं नेऊ."

यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील.

१९ फेब्रु., सोमवार

शिवजयंती. शिवनेरीच्या पायथ्याला मुंगी शिरणार नाही इतकी गर्दी, गल्लीत ढोल. त्यातून वाट काढत किरण डिस्क घेऊन पुण्याला गेला. मी ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिली, सोबत ती सीडी.

२३ फेब्रु., शुक्रवार

पुण्याहून त्या माणसाचा फोन. शांत बोलतो, डॉक्टरसारखा.

डिस्कचा आतला भाग झिजलाय. त्याच्या अंदाजानं ती अजून एकदा नीट चालेल, दुसऱ्यांदा नाही. दोन रस्ते. एक, नुसता पुढचा भाग वाचायचा. तिथं नकाशाची डिसेंबरअखेरची फाईल त्याला दिसलीय, ती जवळपास नक्की मिळेल. दोन, पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण डिस्क वाचायची. जानेवारीतलं काम सगळीकडं विखुरलंय, पूर्ण प्रत मिळाली तरच जुन्या सॉफ्टवेअरला ते जुळवता येईल. पण मध्येच डिस्क गेली तर काहीच नाही. पुढचा भागही नाही.

"दोन्ही जमणार नाही का? आधी पुढचा, मग बाकीचा?"

"ताई, ती परत उठेल याची मी खात्री देत नाही. उद्या सकाळी सांगा."

डिसेंबर म्हणजे पप्पाजींची पेठ. जानेवारी म्हणजे तात्यांची आळी.

पेठ आपली आहे. नक्की मिळतेय. आणि पप्पाजी आता परत सांगू शकत नाहीत. तात्याही...

यांना सांगितलं. म्हणाले, "ठकूबाईंना न विचारता करू नकोस."

त्यांच्या शेजारी फोन आहे. निरोप ठेवला.

२४ फेब्रु., शनिवार

ठकूबाई पहिल्या एसटीनं आल्या. सगळं सांगितलं, दोनदा. त्यांना समजलं. माझ्यापेक्षा लवकर.

"मंग तुमचं घे की. मिळतंय ते सोडू नगं. आमच्या आळीचं मी सांगते."

वही काढली. "तुमच्या घरासमोर कोण?"

त्या विचारात पडल्या. "बाई, मी सून व्हते. त्या आळीत मी कधी वर मान करून चालले न्हाई. घरं त्यांनाच ठावं. मला पावलाखालचं इचार. कुठं दगड निसटता व्हता, कुठं चिखुल, कुठं पायरी तुटली व्हती, समदं सांगते."

आणि सांगितलंही. पाणवठ्यापासून दारापर्यंत. मी लिहिलं. घर एकही आलं नाही त्यात.

हे म्हणाले, "पूर्ण घ्यायला सांग." ठकूबाई म्हणाल्या, "येडं हाय का? म्हाताऱ्याची पेठ जाईल." हे म्हणाले, "आमची पेठ म्हणजे गाव नव्हतं." ठकूबाई म्हणाल्या, "आन् आमची आळी बी नव्हती." दोघं एकमेकांना आग्रह करत होते, जेवायच्या पंगतीत करतात तसा, आणि मी मध्ये फोन धरून.

पप्पाजी आत पडून होते. मी जाऊन विचारलं. सगळं नाही, इतकंच, की नकाशातलं थोडं जाण्यासारखं आहे, काय करू.

ते म्हणाले, "तात्या आला नाही का आज?"

"नाही."

"आल्यावर विचार त्याला. त्याचं अजून सांगून व्हायचंय."

बाहेर आले. पुण्याला फोन लावला. म्हटलं, पूर्ण वाचा.

"नक्की?"

"हो."

तो म्हणाला, लगेच लावतो, वेळ लागेल, मधूनमधून फोन करू नका.

जेवणं झाली. ठकूबाईंना म्हटलं, घोडेगावची गाडी आहे आत्ता, कळलं की निरोप पाठवते. त्यांनी पिशवी जिन्यात ठेवली आणि पायरीवरच बसल्या.

"कळल्याबिगर मी काय जात न्हाई."

हे दुकानात आहेत. कापड मोजताना दोनदा चुकले, गिऱ्हाइकानं दाखवून दिलं. किरणचा नारायणगावहून फोन आला, मी पटकन ठेवायला लावला, लाईन मोकळी पाहिजे.

ऊन जिन्यावर आलंय. पुण्याहून अजून काही नाही.