राखेतलं बी

पेडगाव, जि. परभणी
२१ जानेवारी २०२४

चि. उत्तरास काकूचे अ. उ. आ.

तुझे काका जाऊन सव्वा महिना झाला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या हातून चूक झाली आहे. यांनी शाळेच्या सहलींतून आणलेलं रानकेळीचं बी तुझ्यासाठी ठेवलं होतं. एका पाकिटावर आंबोली, दुसऱ्यावर तोरणमाळ. दोन्हीकडचं बी सारखं नाही, असं ते म्हणत आणि तू हसायचीस. तेराव्यानंतर कपाट आवरलं. पाकिटांना कसर लागली होती. तुरीच्या बियाण्याला लावते तशी बंबाची राख लावून मी सगळं बी एका डब्यात भरलं आणि पाकिटं बंबात घातली. परवा पिंगळीचा भागवत मुतखड्यासाठी बी मागायला आला. म्हणाला, गुरुजी आंबोलीचंच द्यायचे. डबा उघडला तेव्हा कळलं, मी काय केलं ते.

डबा पाठवते आहे. तुझ्या यंत्राखाली बघ. यांची वीस वर्षं मी मिसळून टाकली असतील, तर तसं स्पष्ट लिही. राग धरलास तरी माया सोडू नकोस.

तुझी,
सुमंगलाकाकू

कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२४

ती. काकूस सा. न. वि. वि.

डबा पोचला. प्रयोगशाळेत माझ्यासोबत काम करणाऱ्या शंतनूने विचारलं, काकूंनी दंतमंजन पाठवलं का.

एकशे बारा बिया ब्रशने धुतल्या. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच, काळ्या नि टणक. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकसष्ट बियांच्या कवचावर मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली, त्रेचाळीसांवर चटईसारखी लांबट वीण. आठ बियांचं मला ठरवता आलं नाही. काकांचं म्हणणं खरं असावं. मी हसायचे, ते आता टोचतं.

पण कुठला ढीग आंबोलीचा, ते बी सांगत नाही. जिचं गाव नक्की माहीत आहे अशी एक तरी बी हवी. तुमच्या परसातली रानकेळ कुठली, आठवतं का? औषधाचं मला काही सांगता येणार नाही. भागवतला दवाखान्यात जायला सांगा.

प्रकृतीला जपा. माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेवा.

आपली,
उत्तरा

पेडगाव
२५ फेब्रुवारी २०२४

चि. उत्तरास अ. उ. आ.

केळ आंबोलीचीच. हे तिथून भिजून आले होते. सदरा धुताना खिशातून तीन बिया निघाल्या, त्या मी मोरीपाशी टाकल्या. एक उगवली.

यंदा, नवव्या वर्षी, तिला घड आला. हे त्याचीच वाट पाहत होते. कामाला येणारी सरजाबाई म्हणाली, हिला पिलं न्हाईत, एक घड दिला की वाळायलीय, तोडून टाकू. मी येत्या सोमवारी तोड म्हणाले होते. तुझं पत्र शनिवारी आलं.

पिकलेल्या फळांतलं बी सोबत आहे. राख लावलेली नाही.

आठवण ठेव.

काकू

कोल्हापूर
१६ मार्च २०२४

ती. काकूस सा. न. वि. वि.

घरचं बी पोळ्याच्या ढिगाशी जुळलं. बीचं कवच आईझाडाचं असतं, म्हणून ही खूण भरवशाची. त्या एकसष्ट आंबोलीच्या. एका झाडावरून ठामपणे सांगता येत नाही, पुढे आणखी बघावं लागेल. पण काकांची पाकिटं पुन्हा झाली, काकू.

आता पाकिटावर लिहायचं आहे: संग्राहक कोण, आणि बियांवर काही प्रक्रिया केली का. काय लिहू? त्या आठ बिया अजून तशाच आहेत. पत्राची वाट पाहते, ममता असू द्या.

आपली,
उत्तरा

पेडगाव
२८ मार्च २०२४

चि. उत्तरास अ. उ. आ.

संग्राहक म्हणून यांचं पूर्ण नाव लिही, व्यंकटराव दत्तात्रय पेडगावकर. प्रक्रियेपुढे बंबाची राख लिही, आणि ती कुणी लावली तेही. अर्धी नोंद यांना चालत नसे.

भागवतचा खडा परभणीला काढला. बरा आहे.

केळ वाळली. काल सरजाबाईने तोडली. त्या आठ बिया मला परत पाठव, मोरीपाशी जागा झाली आहे. त्यांना घड यायला आठ-नऊ वर्षं लागतील, मग कुठल्या होत्या ते तू बघ. तोवर पत्रं लिहीत जा.

तुझी,
काकू