गाऱ्हाण्यातला पत्ता

१ मे, गुरुवार

सुविधा जिवंत आहे.

साडेतीन महिन्यांनी आवाज ऐकला. सिद्धीच्या फोनवर, कुणा परक्या बाईच्या नंबरवरून. म्हणाली, "आये, रडू नको हां." कोण रडतंय! मी आंबोशीच्या कैऱ्या सुकत घालत होते.

एक मिनिट बोलली. फोन करायला भिते. मेल करते म्हणाली — "पण तुझ्या त्या मेलवर नको. तो गणेशनं उघडून दिलाय." खरंच की! पेन्शनच्या कामाला जावयानंच करून दिला होता. चावी त्याच्याच खिशात. जावई कामाचा, जावई कामाचा म्हणून गावभर सांगत फिरले मी. आमोणे गावी त्याच्या घरात पोरीचा हात मोडला, तेव्हाही मीच सांगितलं — पाय घसरला.

"दुसरा पत्ता कर, आये. गुरुवारी विचारते."

३ मे, शनिवार

सिद्धी थोरल्याची मुलगी. कॉलेजात जाते, म्हणजे सगळं कळतं. तिनं मला दोन तऱ्हा समजावल्या.

पहिली — सोंगाचा पत्ता. मशीन वाटेल ती अक्षरं देतं. त्यावर आलेलं पत्र गुपचूप सिद्धीच्या खऱ्या पेटीत पडतं. खरा पत्ता कुणाला दिसत नाही. नको ते यायला लागलं तर तेवढं सोंग उतरवायचं.

दुसरी — वापरून टाकायची. पत्रावळीसारखी. नाव घातलं की पेटी उघडते. चार दिवसांनी आतलं आपोआप पुसलं जातं.

मला दुसरी पटली. उरलं की सापडतं.

"पण आजी, तिला कुलूप नाही. नाव ठाऊक असेल तो कोणीही उघडून वाचतो."

"मग नाव सांगू नको कुणाला."

"पहिलीच बरी गो!"

"तू कालची. माणसं लपवायची कशी हे मला शिकवतेस?"

भांडलो. पोदेर पाव घेऊन आला तो तसाच जनेलाच्या गजांशी उभा राहिला ऐकत. त्याच्यासमोर गप्प बसलो. मग ठरलं — देवळात कौल लावायचा. घर बांधताना लावला, विहीर खणताना लावला. सुविधाचं लग्न ठरवताना लावला. तेव्हाही उजवा पडला होता. असो.

४ मे, रविवार

गणेश येऊन गेला. "मांय, बरी आहेस मगे?" म्हणत माझा फोन चाळला. चहा प्याला. त्याचा कप मी दोनदा घासला.

५ मे, सोमवार

कौल झाला.

सदाशिव गुरवानं देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर पत्रावळीचा पत्ता, डावीकडची पडली तर सोंगाचा. मी म्हटलं, एवढंच सांग देवीला. तर म्हणतो, "वहिनी, देवीपुढं मोघम चालत नाही. कुठला पत्ता, कशाला, कुणासाठी — नीट गाऱ्हाणं नको?" बरोबरच आहे त्याचं. देवीनं काय अंदाज बांधायचा?

सिद्धीनं लिहून दिलेला कागद दिला त्याच्या हातात. पहिल्या पत्त्यावर त्याची जीभ अडकली. "हा पत्ता की शिंक?" बसलेली माणसं हसली. दुसरा सोपा, नाव मीच ठेवलं होतं — अबोली बहात्तर. तो मात्र खणखणीत म्हटला. "माते, ह्या तुझ्या लेकराची लेक परमुलखात आहे. तिचं पत्र अबोली बहात्तर ह्या पत्त्यावर मागवलं तर तू राखण करशील काय?"

उजवी पडली. टप्पकन! बायकांनी हात जोडले. सिद्धी तोंड फुगवून घरी आली.

८ मे, गुरुवार

फोन आला. पत्ता सांगितला. तिनं दोनदा म्हणून दाखवला.

१० मे, शनिवार

पेटी रिकामी.

११ मे, रविवार

रिकामी. सिद्धी म्हणते, तासातासाला बघून पत्र येत नाही. तिला काय!

१२ मे, सोमवार

आलं!

सिद्धी वाचून दाखवायला लागली, मी फोन ओढून घेतला. चौथीपर्यंतची शाळा पुरली. अर्धा तास लागला. एका खानावळीत भाकऱ्या भाजते. हात पहाटेच्या गारठ्यात दुखतो. मालकीण बरी आहे. गावाचं नाव लिहिलंय तिनं, खानावळीचंही. मी इथं लिहीत नाही. खाली लिहिलंय — "तू ये म्हटलंस तरच येईन. नाहीतर नाही."

सिद्धी म्हणाली, लगेच उत्तर देऊ. मी नको म्हटलं. काय सांगायचं ते जुळवायला हवं. ये म्हणू? कुठं ये? ज्या घरात तो चहा प्यायला येतो तिथं? येऊ नको म्हणायला आईचं तोंड लागतं, ते आज नव्हतं. उद्या, म्हटलं.

१३ मे, मंगळवार

पत्र गेलं.

सकाळी उघडलं तर पेटी कोरी. मी म्हटलं, चार दिवस झाले असतील. सिद्धी पांढरी पडली. "आजी, एकच दिवस झालाय. कुणीतरी हातानं पुसलंय."

नाव कुणाला माहीत? मला, तिला, सुविधाला. एवढंच म्हणत होते, आणि म्हणता म्हणता थांबले.

देवळात पंधरा-वीस माणसं होती. गणेशची मावशी ह्याच गावात दिलेली. खांबाजवळ नारळ घेऊन बसली होती, मीच तिला सरकून जागा दिली.

पोरगी "सोंगाचा बरा" म्हणत होती. मला पाकळी खरी वाटली. पाकळीला काय, ओली असली तर राहते, सुकली तर पडते.

सुविधाचा मेलचा पत्ता त्या पत्राबरोबरच गेला. सिद्धीनं उतरून घेतला नव्हता, उत्तर उद्या द्यायचं म्हणून. ती फोन करणार गुरुवारी. मधे बुधवार आहे. ज्या परक्या नंबरवरून ती बोलते, तो बंद लागतो. खानावळीचा नंबर हुडकते म्हणून सिद्धी सकाळपासून बसलीय. त्या नावाच्या तिथं सात खानावळी.

१४ मे, बुधवार

दुपारी गणेशची गाडी दारात थांबली. सुविधा उतरली. वाळलीय. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आये, तुझं पत्र मिळालं. नव्या पत्त्यावरून पाठवलंस ते. तू गणेशबरोबर ये म्हटलंस म्हणून आले."

तो मागं उभा राहून हसत होता. मी काहीच लिहिलं नव्हतं.